शस्त्रक्रियागृह आणि पर्यावरण : लहान आयुर्वेदीय रुग्णालयांच्या दृष्टीने

आयुर्वेद हे निसर्गाला धरून चालणारे शास्त्र आहे, म्हणून आपल्या व्यवसायाचा पर्यावरणावर फारसा भार पडत नाही, असे आपण बहुधा गृहीत धरतो. संमेलनांतील भाषणांतूनही हा सूर वारंवार ऐकू येतो. परंतु ज्या वैद्यांनी अर्श, भगंदर, परिकर्तिका यांच्या शस्त्रकर्मासाठी स्वतःचे लहानसे शस्त्रक्रियागृह उभारले आहे, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. शस्त्रक्रियागृहाचे दार ओलांडले की एसी, ऑटोक्लेव्ह, हातमोजे, सलाइनच्या बाटल्या, भूल देण्याचे वायू, फॉर्मॅलिन ही सामग्री कोणत्याही ॲलोपॅथिक रुग्णालयात असते तीच असते. दारावरच्या पाटीवर धन्वंतरीचे चित्र असल्यामुळे या वस्तूंचा स्वभाव बदलत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रकर्मांचे शिक्षण देण्याविषयी स्पष्टता आणली. त्यांपैकी ३९ शल्याची व १९ शालाक्याची आहेत. या निर्णयावर देशभर मोठा वाद झाला आणि डिसेंबरमध्ये ॲलोपॅथिक डॉक्टरांनी एक दिवसाचा निषेधही नोंदविला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की अधिकाराची भाषा आपण जितक्या ठामपणे बोललो, तितक्या ठामपणे शस्त्रक्रियागृहाच्या व्यवस्थेची भाषा बोललो नाही. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव अशा ठिकाणी आपल्या सभासदांची शस्त्रक्रियागृहे चालत असतील, तर त्यांतून बाहेर पडणारा कचरा, धूर आणि सांडपाणी यांची जबाबदारीही आपलीच आहे.

प्रथम या प्रश्नाचे आकारमान पाहू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अहवालानुसार जगातील एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के वायू आरोग्यसेवेमुळे निर्माण होतात. रुग्णालयाच्या इतर भागांशी तुलना करता शस्त्रक्रियागृहाची भूक फार मोठी असते. कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंडमधील तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात क्षेत्रफळाच्या मानाने शस्त्रक्रियागृहाला उर्वरित रुग्णालयापेक्षा तीन ते सहा पट ऊर्जा लागते असे आढळले, आणि त्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक केवळ हवा थंड करणे, गरम करणे व खेळती ठेवणे यांवर खर्च होत होती. दिवे आणि उपकरणे यांचा वाटा त्यामानाने नगण्य होता.

हे आकडे पाश्चात्त्य देशांतील आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तामिळनाडूतून उगम पावलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दिले आहे. तेथील मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. एका शस्त्रक्रियेमागे सुमारे सहा किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार आणि अवघा पाव किलो कचरा, असे त्यात आढळले. इंग्लंडमधील अशाच शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा कार्बन-भार सुमारे पाच टक्के म्हणजे विसाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. ही किमया महाग यंत्रांनी साधलेली नाही. उपकरणे निर्जंतुक करून पुन्हा वापरणे, एकाच खोलीत दोन टेबले लावून वेळ आणि वीज यांचा अपव्यय टाळणे, एकदा वापरून फेकण्याच्या वस्तू कमीत कमी ठेवणे, या साध्या गोष्टींचा तो परिणाम आहे. आणि संसर्ग? त्याच रुग्णालयाच्या सहा लाखांवर शस्त्रक्रियांच्या नोंदींत डोळ्याच्या आतील संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सुमारे सात होते, आणि डोळ्यात प्रतिजैविक सोडण्याची पद्धत स्वीकारल्यावर ते दहा हजारांत दोनपर्यंत उतरले. काटकसर केली की संसर्ग वाढणारच, हा समज या आकड्यांपुढे उभा राहत नाही.

अर्थात, नेत्राची पद्धत जशीच्या तशी गुदगत विकारांच्या शस्त्रकर्माला लावता येणार नाही. मोतीबिंदूचे क्षेत्र स्वच्छ असते, गुदाचे नसते. अरविंदकडून घ्यायची आहे ती मोजून निर्णय घेण्याची सवय. प्रत्येक कृती तशीच उचलायची नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्ध्याचा मे महिना काय असतो हे येथील वाचकांना सांगायला नको. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असताना शस्त्रक्रियागृह थंड राखणे हाच विजेचा सर्वांत मोठा खर्च होऊन बसतो. पुष्कळ ठिकाणी एसी १८ अंशांवर लावलेला दिसतो, आणि सर्जन आत गाऊन घालून कुडकुडत असतात. वास्तविक, शस्त्रक्रियागृहासाठी ‘एनएबीएच’च्या मार्गदर्शनात तापमान २१ अंश, त्यात तीन अंश अधिक-उणे, असे सांगितले आहे. म्हणजे २४ अंश ही मर्यादेच्या आतलीच गोष्ट आहे. तापमान एक अंशाने वाढविल्यास एसीच्या विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. १८ ऐवजी २४ अंश ठेवल्यास होणारी बचत किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या बिलावर करून पाहावा. वृद्ध, अशक्त रुग्णाला अति थंड खोलीत शीत बाधते, आणि शरीराचे तापमान उतरल्यास व्रणात संसर्गाचा संभव वाढतो, हा मुद्दा वेगळाच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताशी किमान २० वेळा हवा बदलली जावी आणि त्यांतील किमान चार वेळा बाहेरची ताजी, गाळलेली हवा आत यावी, अशी ‘एनएबीएच’ची अपेक्षा आहे. लहान रुग्णालयांत बसविलेला साधा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवीत राहतो. बाहेरची हवा तो आत घेत नाही. तेव्हा विजेची बचत हवेच्या शुद्धतेतून काढू नये. ती तापमानातून, वेळेतून आणि इमारतीतून काढावी. ज्यांच्याकडे हवा गाळून देणारी स्वतंत्र यंत्रणा आहे, त्यांनी शस्त्रकर्म नसताना तिचा वेग कमी ठेवण्याची सोय करून घ्यावी. रात्रभर रिकाम्या खोलीत ती पूर्ण वेगाने चालविण्यात अर्थ नाही. छतावर चुन्याचा पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणि जुन्या हॅलोजन दिव्यांच्या जागी एलईडी दिवे, या तीन गोष्टींनी खोली मुळातच कमी तापते. हॅलोजन दिवा प्रकाशाबरोबर उष्णता ओततो आणि ती काढण्यासाठी एसी पुन्हा वीज खातो, असा तो दुहेरी खर्च आहे. उन्हाळ्यात शस्त्रकर्मांची यादी सकाळी सातला सुरू करून दुपारपूर्वी संपविणे हा तर फुकटचा उपाय आहे. छतावर सौर पॅनेल असल्यास दिवसाउजेडी चालणारी यादी त्यालाही अनुकूल पडते. विजेच्या बेभरवशाचा विषय निघालाच आहे म्हणून आठवते : १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ते कौशल्य वंदनीय खरेच, पण आपण मात्र बॅटरीचा साठा तपासूनच चाकू हाती घ्यावा.

वस्त्र : सुती की फेकाऊ?

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ सर्वपरिचित आहे. सेवाग्रामला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थी आजही खादी वापरतात. अशा जिल्ह्यात शस्त्रक्रियागृहातील गाऊन व आच्छादने मात्र बाहेरगावाहून आलेली, प्लॅस्टिकच्या तंतूंपासून बनवलेली आणि एकदा वापरून जाळण्यासाठी जाणारी असावीत, ही विसंगती आहे. कोविडच्या काळात फेकाऊ गाऊनची सवय लागली आणि साथ ओसरल्यावरही ती सुटली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियोत्तर संसर्ग टाळण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत निर्जंतुक केलेली, पुन्हा वापरण्याजोगी विणलेली वस्त्रे आणि निर्जंतुक फेकाऊ वस्त्रे यांपैकी कोणतीही चालतील, असे म्हटले आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात पुन्हा वापरण्याच्या गाऊनमुळे हरितगृह वायूंचा भार सुमारे दोन तृतीयांशाने आणि घन कचरा ८० टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचे आढळले. धुण्याचा व निर्जंतुक करण्याचा खर्च त्यात धरलेला होता.

मात्र त्या अभ्यासातील गाऊन घट्ट विणीच्या पॉलिएस्टरचे होते, आपल्या मांजरपाटाचे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. सुती कापड ओले झाले की त्यातून रक्त व जंतू आरपार जातात. म्हणून माझे मत असे : क्षारसूत्र बांधणे, अर्शाचे लहान शस्त्रकर्म, विद्रधीचे भेदन अशा कमी द्रवाच्या कर्मांसाठी दुहेरी सुती वस्त्र पुरेसे आहे. जेथे रक्तस्राव अधिक संभवतो किंवा रुग्णास कावीळ ‘ब’, एचआयव्ही यांची बाधा आहे, तेथे द्रवरोधक गाऊनच हवा. त्यात काटकसर नको. सुती वस्त्रे वापरणाऱ्यांनी प्रत्येक धुलाईनंतर कापड उजेडासमोर धरून छिद्रे पाहावीत, आणि फाटलेले वस्त्र शस्त्रक्रियागृहातून बाद करून पुसण्याच्या कामी लावावे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असताना धुलाईचा भार वाढतो, हेही खरे. थोड्या वस्त्रांसाठी यंत्र वारंवार न चालविता दोन दिवसांची वस्त्रे एकत्र धुतल्यास पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. ऑटोक्लेव्हच्या बाबतीतही तेच. अर्धा रिकामा ऑटोक्लेव्ह चालविणे म्हणजे पूर्ण भरलेल्याइतकीच वीज खर्च करून निम्मे काम घेणे होय. तो भरताना मात्र वाफ फिरण्यास जागा राहिली पाहिजे. कोंबून भरलेल्या ड्रममधील मधले गाठोडे निर्जंतुक होत नाही.

कचऱ्याविषयी नियम स्पष्ट आहेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आयुष रुग्णालयांना नावानिशी लागू आहेत, तेव्हा ‘आम्ही आयुर्वेदवाले’ ही सबब चालणारी नाही. पिवळी पिशवी भट्टीत जाळण्यासाठी, लाल पिशवी निर्जंतुकीकरणानंतर प्लॅस्टिकच्या पुनर्वापरासाठी, पांढरा छिद्ररोधक डबा सुया-पात्यांसाठी आणि निळी खूण काचेसाठी, हे आपण सर्व जाणतो. प्रत्यक्षात चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली, रक्ताळलेल्या कापसाबरोबर हातमोजे आणि सलाइनचे नळीसंचही पिवळ्या पिशवीत जातात. त्यांतील क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक भट्टीत जळताना डायॉक्सिनसारखी विषे निर्माण होऊ शकतात, आणि तो धूर ज्या गावाच्या शिवारावर पसरतो ते गाव आपल्या रुग्णांपैकीच कोणाचे तरी असते. दुसरी चूक अधिक सामान्य आहे. सिरिंजची वेष्टने, मोज्यांचे कागद, खोकी असा कधीही दूषित न झालेला कचरा जैववैद्यकीय पिशवीत टाकला जातो. आरोग्यसेवेच्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा सामान्य, निरुपद्रवी असतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो वेगळा राखण्याची सोपी युक्ती अशी, की रुग्ण टेबलावर येण्यापूर्वीच सर्व वेष्टने फोडून ती एका स्वतंत्र स्वच्छ बादलीत टाकावीत आणि छेद घेण्याच्या आधी ती बादली बाहेर न्यावी. त्यानंतर खोलीत जे काही उरेल ते दूषित समजावे. अशी व्यवस्था लागल्यावर पिशव्यांचे वजन उतरते, आणि जेथे वजनावर शुल्क आकारले जाते तेथे खर्चही उतरतो.

काटकसरीचा अतिरेकही होऊ नये. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह सात देशांतील १३ हजारांवर उदरशस्त्रक्रियांचे रुग्ण होते. व्रण शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलल्यास व्रणसंसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येते, असे त्यात दिसले. मोज्यांचा एक जादा जोड हा कचरा खराच. परंतु पिकलेल्या व्रणाचे आठ-पंधरा दिवसांचे ड्रेसिंग, प्रतिजैविके आणि रुग्णाच्या फेऱ्या यांपुढे तो काहीच नाही.

फॉर्मॅलिन, धूपन आणि गुग्गुळ

शनिवारी संध्याकाळी फॉर्मॅलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकून खोली बंद करायची आणि सोमवारी डोळे चोळीत उघडायची, ही पद्धत आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी आहे. फॉर्मॅल्डिहाइड मनुष्यात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. त्याचा उपद्रव सर्वप्रथम होतो तो खोली उघडणाऱ्या मावशींना आणि वॉर्डबॉयला. आज संसर्ग-नियंत्रणाचे जाणकार नियमित फ्युमिगेशनची शिफारस करीत नाहीत. फरशी, टेबल, दिवे यांची साबणपाण्याने घासून स्वच्छता, त्यानंतर योग्य जंतुनाशकाने पुसणे आणि माणसांची ये-जा कमी ठेवणे, यांवर त्यांचा भर आहे. मळ तसाच ठेवून केलेला कोणताही धूर, मग तो फॉर्मॅलिनचा असो वा गुग्गुळाचा, व्यर्थ होय.

येथेच आपल्यापैकी काहींचा उत्साह उसळी घेतो : फॉर्मॅलिन नको, तर धूपन करू! धूपन आपल्या शास्त्रात आहेच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात शस्त्रकर्मानंतर गुग्गुळ, अगुरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, सैंधव, निंबपत्र आणि घृत यांचे धूपन सांगितले आहे. एकोणिसाव्या अध्यायात व्रणिताच्या खोलीत मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांनी दिवसातून दोनदा, दहा दिवस धूपन करण्यास सांगितले आहे. संदर्भ नीट पाहिला तर हे विधान शस्त्रकर्मानंतरच्या व्रणी रुग्णाच्या रक्षणाचे आहे. शस्त्रक्रियागृह निर्जंतुक करण्याची पद्धत म्हणून ते आलेले नाही. पदव्युत्तर प्रबंधांतून धूपनानंतर हवेतील जंतूंच्या वसाहती घटल्याची निरीक्षणे आली आहेत, आणि ती उत्साहवर्धक आहेत. परंतु द्रव्याची मात्रा, खोलीचे घनफळ, धुराचा काळ यांचे प्रमाणीकरण झालेले नाही, आणि जंतूंच्या बीजाणूंवर धूपनाचा भरवसा ठेवता येत नाही. धुराचे सूक्ष्म कण टेबलावर व दिव्यावर बसतात ते निराळेच. म्हणून धूपन वॉर्डात, रुग्णास श्वासविकार नसल्यास, मर्यादित प्रमाणात करावे. शस्त्रक्रियागृहात त्यास स्वच्छतेचा पर्याय मानू नये.

औषधनिर्मात्या बंधूंनी या संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार करावा. गुग्गुळाचे झाड आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. राजस्थान व गुजरातेत अधिक डिंक मिळविण्यासाठी खोडावर खोल घाव घालून झाडेच मारली जातात. अगुरूची प्रमुख जातीही त्याच वर्गात आहे, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. प्रत्येक रुग्णालयाने रोज गुग्गुळ-अगुरू जाळण्याचे ठरविले, तर पर्यावरणाच्या नावाने आपण एका वनस्पतीचा अंत जवळ आणू. योगराज, कैशोर, त्रिफळा गुग्गुळ यांसाठी लागणारे द्रव्य धुरात घालवू नये. एकोणिसाव्या अध्यायातील योगात गुग्गुळही नाही आणि अगुरूही नाही. मोहरी, कडुनिंब, तूप, मीठ ही चारही द्रव्ये येथे सहज मिळणारी आहेत. धूपनाच्या तयार पुड्या बाजारात आणणाऱ्या फार्मसींनी हा योग पुढे करावा, आणि ज्या योगात गुग्गुळ अपरिहार्य आहे तेथे लागवडीखालील गुग्गुळाचा आग्रह धरावा.

भुलेच्या वायूंविषयी थोडक्यात. नायट्रस ऑक्साइड हा वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापविणारा असून वातावरणात शतकभर टिकतो. डेसफ्लुरेन तर सुमारे अडीच हजार पट तापविणारा आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबविला. आपल्या लहान शस्त्रक्रियागृहांत डेसफ्लुरेन क्वचितच येतो, पण नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर असतात आणि त्यांच्या जोडण्या गळत असतात. साबणाच्या फेसाने जोडणी तपासण्यास दोन मिनिटे लागतात. गुदगत शस्त्रकर्मांत पाठीतील अथवा स्थानिक भूल बहुतेक वेळा पुरते. निर्णय अर्थातच भूलतज्ज्ञाचा.

क्षारसूत्राचा हिशेब

क्षारसूत्र हे या दृष्टीने आपले बलस्थान आहे, पण तेथेही डोळस हिशेब हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत केलेली भगंदरावरील तुलना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षारसूत्राने भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण चार टक्के, तर शस्त्रक्रियेने अकरा टक्के आढळले. भरून येण्यास मात्र क्षारसूत्राने सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांच्या २१ लेपांनी सिद्ध झालेला एक दोरा, स्थानिक भूल आणि थोडेसे साहित्य, इतक्यावर हे कर्म होते. पुनरुद्भव टळला म्हणजे दुसरी शस्त्रक्रियाही टळली. शस्त्रक्रियागृहाचा भार याहून परिणामकारकपणे कमी करणारा उपाय माझ्या माहितीत नाही.

परंतु दर आठवड्यास दोरा बदलण्यासाठी आष्टी, कारंजा, समुद्रपूर येथून रुग्ण वर्ध्यास येतो, सोबत एक नातेवाईक, आणि दोघांची रोजी बुडते. आठ आठवड्यांच्या या फेऱ्यांत जळणारे पेट्रोल-डिझेल आपल्या हिशेबात कधी धरले जात नाही. प्रथम बंधन शल्याच्या तज्ज्ञाने करावे आणि साप्ताहिक सूत्रबदल रुग्णाच्या तालुक्यातील प्रशिक्षित सभासदाने करावा, अशी व्यवस्था आपली संघटना सहज उभी करू शकते. त्यासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण, सूत्राची लांबी नोंदविण्याचे एकसारखे कार्ड आणि अडचण आल्यास तज्ज्ञाशी दूरध्वनीवर बोलण्याची सोय, एवढे पुरे. सूत्रबदलासाठी शस्त्रक्रियागृह उघडून एसी चालू करण्याचे तर काहीच कारण नाही. स्वच्छ तपासणीकक्ष पुरेसा असतो.

ज्यांना या विषयाचा आरंभ करावयाचा आहे, त्यांना नवे यंत्र घेण्याची गरज नाही. कचरा नेणाऱ्या गाडीसाठी पिशव्यांचे वजन आपण नोंदवीत असतोच. त्या वहीत शेजारी त्या दिवसाच्या शस्त्रकर्मांची संख्या आणि वीजमीटरचे वाचन असे दोन स्तंभ वाढवावेत. तीन महिन्यांनी एका शस्त्रकर्मामागे किती किलो पिवळा कचरा, किती लाल आणि किती युनिट वीज, हे तीन आकडे हाती येतील. जिल्ह्यातील पाच-सहा रुग्णालयांनी ते पाठविल्यास पुढील एखाद्या अंकात नावे न देता त्यांची तुलना छापता येईल.